पर्वरीतल्या ऑफिसची लॅब करून घेतली, वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. माणसं चांगली, वायरिंग आणि फ्लोअरिंग एक नंबर, पण हवेचा हिशेब त्यांनी गोव्याचा केला नाही आणि त्यामुळे पहिला अख्खा पावसाळा आम्ही बादल्या आणि फडकी घेऊन काढला. कंत्राटदाराचं नाव इथे टाकत नाही कारण दोन गोष्टी अजून त्यांच्याकडून करून घ्यायच्या बाकी आहेत आणि बोलणं नीट चालू आहे. गोव्याबाहेरची कंपनी आहे, लॅबचं टर्नकी काम करते, म्हणजे रिकामं ऑफिस द्यायचं आणि टेबलं, सिंक, एसी, वीज, सगळ्यासकट लॅब परत घ्यायची. गोव्यात कोणी असं करायचा विचार करत असेल तर सगळं वाचा, लांब आहे पण आम्हाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आधी आम्ही काय करतो ते सांगते. मी आणि माझी मैत्रीण दोघी गोवा युनिव्हर्सिटीच्या मायक्रोबायोलॉजीच्या. आमची लॅब कोळंबीची आणि पाण्याची तपासणी करते. तिसवाडी-बार्देशातले खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, कोळंबी करणारे शेतकरी हॅचरीतून बी आणतात, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ती पिल्लं येतात, तळ्यात सोडायच्या आधी त्यात व्हाइट स्पॉट या कोळंबीच्या रोगाचा व्हायरस आहे का ते पीसीआर करून, म्हणजे त्याचा डीएनए कितीतरी पटींनी वाढवून, बघायचं. एकदा तो तळ्यात शिरला की तीन ते दहा दिवसांत सगळं तळं साफ होऊ शकतं, म्हणून रिपोर्ट वेळेत आणि बिनचूक द्यावाच लागतो. त्यासाठी लॅब धड पाहिजे.

जागा शोधताना वेर्ण्याला शेड बघितल्या, त्या आमच्या मानाने फार मोठ्या होत्या आणि चोडण-दिवाडीच्या माणसाला सकाळी पिशवी घेऊन तिथवर यायला सांगणं जमण्यासारखं नव्हतं. पणजीत पाटोवर एक ऑफिस बघितलं, मधल्या मजल्यावरचं, भाडं परवडत नव्हतं आणि खरं म्हणजे तिथली धुराडी कुठून काढणार हाच प्रश्न होता. शेवटी पर्वरीत ११०० स्क्वेअर फुटांचं ऑफिस मिळालं, आधी तिथे सॉफ्टवेअरवाले होते. तळमजला अधिक तीन अशी बिल्डिंग, आमचा सगळ्यात वरचा मजला. वरचा मजला मुद्दाम घेतला, कारण फ्यूम हूडची (रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) हवा छपराच्या वर नेऊन सोडावी लागते आणि मध्ये दुसऱ्या कोणाचं ऑफिस असेल तर त्यांच्या खोलीतून डक्ट न्यायला कोण देणार.

ऑफिसची लॅब करायची ही कल्पना काही आमची नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ केंब्रिजमध्ये कोविडनंतर ऑफिसं रिकामी पडली आणि बायोटेकवाल्यांकडे पैसा आला तेव्हा तिथे बिल्डरांनी ऑफिसांच्या लॅब करायचा सपाटाच लावला, पुढे पैसा आटला आणि त्यातल्या बऱ्याच लॅब भाडेकरूविना राहिल्या. पण तिथे लॅबसाठी बांधलेल्या बिल्डिंगचा एक मजला साडेचार मीटरच्या आसपास उंच असतो. आपल्याकडच्या ऑफिसात स्लॅब ते स्लॅब तीन मीटर, त्यात दीड फुटाचा बीम. म्हणजे बीमखाली उरतात जेमतेम सव्वाआठ फूट, त्यातून डक्ट न्यायचा, त्याखाली फॉल्स सीलिंग. आणि बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतूंचं काम ज्यात करतात ते हवा गाळून सोडणारं कपाट) स्टँडसकट सात फुटांच्या वर जातं, त्याच्या डोक्यावर हवा सुटायला निदान फूटभर मोकळी जागा लागते. कंपनीने पाठवलेल्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये डक्ट सरळ बीमला भोक पाडून गेल्यासारखा दाखवला होता. माझ्या मैत्रिणीने टेप घेऊन स्वतः मोजलं म्हणून लक्षात आलं, नाहीतर कॅबिनेट आल्यावर कळलं असतं. मग कॅबिनेट दोन बीमच्या मधल्या गाळ्यात घेतलं आणि तिथलं सीलिंग काढूनच टाकलं. इथे त्यांना मार्क देते, चूक दाखवल्यावर वाद न घालता दोन दिवसांत नवीन ड्रॉइंग पाठवलं.

वजनाचं त्यांनी चांगलं बघितलं. ऑफिसचा स्लॅब बहुतेक वेळा चौरस मीटरला अडीचशे किलोच्या हिशेबाने धरलेला असतो आणि आमचा उणे ८० चा फ्रीझर एकटाच तीनशेच्या घरात, तोही छोट्याशा चौकोनात उभा राहणारा. त्यांच्या इंजिनियरने बिल्डिंगची जुनी ड्रॉइंग मागून घेतली, स्ट्रक्चरलवाल्याकडून लेखी घेतलं, आणि फ्रीझर आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) दोन्ही कॉलमच्या कडेला बीमवर येतील असे लावले. फ्रीझर वर आणणं मात्र वेगळंच प्रकरण झालं. लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची, वजन कसंबसं बसलं असतं पण खोक्यासकट उंची बसेना आणि फ्रीझर आडवा करून चालत नाही. मग पुढच्या खिडकीची फ्रेम काढून चेन पुलीने वर घेतला. खाली अख्खी बिल्डिंग बघत उभी होती, आणि सुपरवायझर दादा वर खिडकीत अर्धे बाहेर वाकून एका हाताने दोर धरून ‘हळू, हळू, आता सोडा’ म्हणत होते, तो माणूस मी विसरणार नाही. एक ओरखडा नाही आला.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीत देतो म्हणाले आणि एप्रिलच्या शेवटी हातात आली. सप्टेंबरात काम सुरू केलं, चवथीचे आठ दिवस इथले इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर येणार नाहीत हे गोव्यातल्या कोणालाही ठाऊक असतं, पण त्यांच्या शेड्यूलमध्ये ते दिवस धरलेलेच नव्हते. मग टेबलटॉप घेऊन येणारा ट्रक चोर्ला घाटात पावसात अडकला, तो वेगळा. याचं मला फार वाईट वाटत नाही, उशीर सगळीकडेच होतो. विजेचं लोड वाढवून घेणं, पंचायतीचे कागद, प्रदूषण मंडळाची परवानगी, फायरचं, हे सगळं आमच्याकडे होतं आणि त्यालाही वेळ लागलाच, ते त्यांच्या माथी मारणार नाही.

आता चांगलं काम. फ्लोअरिंग सुंदर केलंय. इपॉक्सी, आणि भिंतीशी जिथे जमीन मिळते तिथे कोपरा गोल वळवून वर चार इंच नेलाय, त्यामुळे काही सांडलं तर फटीत जात नाही, मॉप फिरवला की झालं. टेबलटॉप काळे फिनॉलिकचे, वर्षभर ब्लीच आणि स्पिरिट ओततोय, डाग नाही. वायरिंग तर बघत राहावं असं, फ्रीझर आणि इनक्युबेटरला वेगळं सर्किट, जनरेटरवर आपोआप जातं, जूनमध्ये वादळात एका रात्री चार वेळा वीज गेली आणि सकाळी फ्रीझरचा डिस्प्ले उणे ७९ दाखवत होता. सिंकसाठी त्यांनी जो मार्ग काढला तोही आवडला. ऑफिसात पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन फक्त टॉयलेट आणि पँट्रीच्या बाजूला असते, प्रत्येक खोलीत सिंक पाहिजे तर पाइप खालच्या ऑफिसच्या सीलिंगमधून न्यावे लागतात आणि खाली सीए बसतात, ते कसे देणार. म्हणून सगळ्या ओल्या खोल्या त्या एका भिंतीला लावल्या आणि कोरड्या खोल्या समोर.

पीसीआरच्या खोल्याही नीट पाडल्या. पीसीआरमध्ये आधीच्या टेस्टचा वाढवलेला डीएनए पुढच्या टेस्टमध्ये शिरला तर निरोगी बियाणंसुद्धा पॉझिटिव्ह दिसतं, म्हणून माणूस एकाच दिशेने पुढे जातो, रिएजंटची (टेस्टची रसायनं मिसळायची) खोली, मग नमुना काढायची, मग मशीनची आणि शेवटी जेलवर निकाल बघायची, उलटं फिरायचं नाही. रिएजंटच्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात म्हणजे दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते, जेलच्या खोलीत उलट. दोन्ही दारांवर दाबातला फरक दाखवणारी मॅग्नेहेलिक गेज लावलीयत, गोल डायल आणि बारीक काटा. हँडओव्हरच्या दिवशी त्यांचा इंजिनियर अगरबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीशी गुडघ्यावर बसला. एका दाराशी धूर सरळ बाहेर ढकलला गेला, दुसऱ्या दाराशी दोऱ्यासारखा आत ओढला गेला. माझी मैत्रीण माझ्याकडे बघून नुसती हसली, आम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लॅबमध्ये कोपरे मागून काम केलं होतं.

आणि मग जून आला.

मूळ गोष्ट अशी आहे की ऑफिसचा एसी तीच ती हवा फिरवून गार करतो, माणसं बसायला तेवढं पुरतं. लॅबमध्ये जिथे फॉर्मलिन, क्लोरोफॉर्म, ॲसिड वापरतो तिथली हवा परत फिरवायची नाही, बाहेर फेकायची, आणि जेवढी फेकली तेवढी बाहेरून आत घ्यायची. आमचा फ्यूम हूड चार फुटी आहे, त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी, म्हणजे तासाला आठशे घनमीटरच्या आसपास हवा बाहेर जाते. तेवढी आत येणार ती कुठून, तर जुलैतल्या पर्वरीच्या हवेतून, २८ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता. त्या हवेच्या एका किलोत वीस-बावीस ग्रॅम पाणी असतं आणि खोलीत आपल्याला नऊच ग्रॅम पाहिजे. मी रात्री बसून गुणाकार केला, हूड चालू असेल तर दर तासाला अकरा-बारा लिटर पाणी एसीला हवेतून पिळून काढावं लागतं. दीड तासात एक बादली! कंपनीने ड्रेनचा पाइप लावला होता पाऊण इंची, ऑफिसच्या स्प्लिट एसीला लावतात तसा, वर उतारही जेमतेम. चौथ्या दिवशी ट्रे भरून वाहिला आणि पाणी फॉल्स सीलिंगवर साचलं.

ते पाइप बदलून झालं तर डक्टला घाम सुटला. आपल्याकडे जुलैत हवेचा दवबिंदू २५ डिग्रीच्या आसपास असतो, डक्टमधली हवा १४ डिग्रीची, म्हणजे जिथे पत्रा उघडा तिथे पाणी जमणारच. इन्सुलेशन लावलं होतं पण पातळ, आणि फ्लँजच्या जोडावर तर लावलंच नव्हतं, तिथे नुसता ॲल्युमिनियमचा टेप. तो जोड नेमका थर्मल सायकलरच्या, म्हणजे पीसीआरच्या मशीनच्या, वर. सकाळी लॅब उघडली तर सायकलरच्या झाकणावर मधोमध थेंब, मी पुसला, आणि उभी राहून बघत बसले, साधारण दर दहा-बारा सेकंदांनी एक थेंब जोडाच्या खालच्या बोल्टवर फुगायचा, लांब व्हायचा आणि टप्पकन पडायचा. लाखोंचं मशीन. त्या दिवशी आम्ही मशीन सरकवून वर प्लास्टिक बांधलं आणि सांतइस्तेवच्या एका शेतकऱ्याचा रिपोर्ट एक दिवस उशिरा दिला, ते मला अजून लागतं कारण तो पिशव्या घेऊन ताटकळत होता आणि पिल्लं मरत होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. पावसात बाहेर फार गरम नसतं, म्हणून थर्मोस्टॅट २२ ला पोचला की कॉम्प्रेसर बंद. खोली गार पण पाणी हवेतच राहिलं, आर्द्रता ७५ च्या वर. अंगाला गारठा वाजतो आणि कागद ओले लागतात. अगरच्या पावडरचे खडे झाले, ट्यूबची लेबलं सुटायला लागली, निळी सिलिका एका रात्रीत गुलाबी. मागच्या खोलीत जिप्समच्या सीलिंगवर काळे ठिपके आले, लॅबमध्ये बुरशी म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. यावर उपाय म्हणजे हवा आधी जास्त गार करून पाणी काढायचं आणि मग थोडी गरम करून आत सोडायची, आणि कंट्रोल नुसत्या तापमानावर नाही तर आर्द्रतेवरही. हे त्यांच्या कोटेशनमध्ये ‘ऐच्छिक’ म्हणून तिसऱ्या पानावर होतं आणि पैसे वाचवायला त्यांनीच आम्हाला ते काढायला सांगितलं होतं. ‘मॅडम, आमच्याकडे कोणी घेत नाही’ असं म्हणाले होते. असेलही, त्यांच्या गावाला लागत नसेल. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे ते ऐच्छिक नाही, आणि गोव्यात काम घेताना हे त्यांनी आम्हाला सांगायला हवं होतं, आम्ही त्यांना नाही.

चौथं छपराचं. हूडच्या डक्टसाठी स्लॅबला गोल भोक पाडलं ते स्वच्छ पाडलं, हा डक्टही आमच्या आग्रहाने पीपी-एफआरपीचा (प्लास्टिक-फायबरचा) घेतला, त्यांचा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, प्रस्ताव होता आणि समुद्राची खारी हवा बाहेरून, ॲसिडची वाफ आतून, तो पत्रा किती टिकला असता कोण जाणे. पण भोकाभोवतीची कॉलर त्यांनी दोनच इंच वर घेतली. पावसात टेरेसवर पाणी तुंबलं की दोन इंच काहीच नाही. पहिल्याच जोरदार रात्री डक्टच्या कडेने भिंतीवर लाल ओघळ. इथल्या मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला निदान सहा इंच पाहिजे आणि वरून छत्रीसारखा पत्रा, हे तो न मोजता सांगत होता कारण त्याने आयुष्यभर हेच केलंय.

दुरुस्ती कशी झाली तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. फोन केला की उचलतात. जुलैत त्यांचा इंजिनियर आला, तीन दिवस राहिला, ओल्या सीलिंगखाली शिडीवर चढून स्वतः हात लावून बघितलं आणि सरळ म्हणाला की आमचं चुकलं. ड्रेनचा पाइप त्यांनी स्वखर्चाने बदलला. इन्सुलेशन म्हापशाच्या एका एसीवाल्याकडून करून घेतलं, त्याने जाड नायट्राइल रबर, प्रत्येक जोडावर दुहेरी, आणि हँगरच्या पट्टीखालीसुद्धा घातलं, तेव्हापासून एक थेंब नाही. त्याचे अर्धे पैसे कंपनीने दिले. हवा परत गरम करायच्या यंत्रणेचे आम्हीच भरले. बुरशी आलेलं सीलिंग काढून पुसता येईल असं मेटलचं बसवलं, त्यातही निम्मे निम्मे. सगळं धरून हवेवरचा खर्च एकूण खर्चाच्या जवळपास अर्धा झाला, आणि रात्री एसी बंद करता येत नाही म्हणून बिलही येतं, तुम्ही बजेट मांडताना टेबलांच्या कॅटलॉगमध्ये रमू नका, आधी हवेचा आकडा मांडा.

शेजाऱ्यांबद्दल दोन शब्द, कारण ऑफिस बिल्डिंगमध्ये हा भाग कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही. बोर्डावर ‘व्हायरस तपासणी’ वाचून बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, कोविडनंतर लोकांना भीती बसलीय आणि ती समजण्यासारखी आहे. खालच्या मजल्यावरचे एक वयस्क वकील एक दिवस जिना चढून वर आले, दम लागला होता, आणि म्हणाले, ‘आमकां कांय जावचें ना मगो बाये?’ (आम्हाला काही होणार नाही ना गं बाई?) मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की हा आजार कोळंबी-खेकड्यांचा, माणसाला होत नाही, आमच्याकडचं सगळं टाकाऊ आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला जातं आणि मगच पिवळ्या-लाल पिशव्यांतून कचऱ्याची गाडी नेते. ऑटोक्लेव्हची वाफ निघते तो पाइपही दाखवला. त्यांच्या खिडकीच्या वर होता तो. तो वास त्यांना येत होता आणि ते संकोचाने बोलत नव्हते. कंपनीला सांगून तो पाइप दुसऱ्या बाजूला फिरवला, हे काम त्यांनी एका फोनवर आणि फुकट केलं. आता वकीलकाका त्यांच्या विहिरीचं पाणी आमच्याकडेच तपासायला देतात.

तर कोणाला हे करायचं असेल तर कंत्राटदाराला पहिल्या भेटीत टाइल आणि रंग विचारू नका, विचारा की जुलैत हूड चालू असताना तासाला किती लिटर पाणी निघेल आणि ते कुठल्या पाइपने कुठे जाईल. आकडा सांगता आला तर पुढे बोला. आणि शक्य असेल तर त्यांनी किनाऱ्यावर केलेली एखादी लॅब पावसाळ्यात जाऊन बघा, डिसेंबरात बघू नका, डिसेंबरात सगळ्या लॅब कोरड्याच असतात.

हे लिहितेय तेव्हा आमचा दुसरा पावसाळा चालू आहे, बाहेर धो धो, आत आर्द्रता ५४, रिएजंटच्या खोलीच्या दारावरचा काटा १२ पास्कलवर. कॉलर उंच करायची आणि हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारे) तपासायचे, ही दोन कामं बाकी आहेत, पाऊस उतरला की येतो म्हणालेत. आले आणि नीट केलं तर स्टार वाढवीन, नाही आले तर तेही इथेच लिहीन.